गळणारी तोटी आणि वायसरचा इतिहास

घरातला नळ गळू लागला, की आपण पहिल्यांदा काय करतो? तो आणखी जोराने आवळतो. दोन दिवस थेंब थांबतो, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू होतो. मग आणखी जोर. शेवटी घरातल्या सर्वांत दणकट माणसाखेरीज कुणालाच तो नळ बंद करता येत नाही, आणि तरीही थेंब पडतच राहतो. न्हाणीघरातल्या शॉवरची भिंतीत बसवलेली जुनी चावी असली, तर हे हमखास घडते.

दोष बहुतेक वेळा एका लहानशा चकतीत असतो. पुस्तकात तिला वॉशर म्हणतात. अकोला-अमरावतीकडे तिला 'वायसर' म्हणतात. 'वायसर गेला जी,' असे सांगून मिस्त्री तो दहा मिनिटांत बदलतो आणि आपण ती गोष्ट विसरून जातो. पण या वायसरला इतिहास आहे. तो समजून घेतला, की नळ का गळतो हे कळते. शिवाय वऱ्हाडातल्या घरांतले नळ इतक्या लवकर का बिघडतात, याचाही उलगडा होतो.

पाणी अडवायचे कशाला?

नळाला तोटी नव्हती तेव्हाही शहरांना पाणी मिळत होते. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावाचे पाणी बांधीव भुयारी मार्गाने शहरातल्या हौदांपर्यंत आणले गेले. वऱ्हाडच्या उत्तरेला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात १६१५ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारांतून शहरात खेळवले गेले. 'कुंडी भंडारा' या नावाने ती व्यवस्था आजही पाहायला मिळते. दोन्ही ठिकाणी पाणी फक्त उताराने वाहत होते. हौदात पडायचे, हौद भरला की पुढे जायचे. लोकांनी घागर बुडवावी आणि भरून घ्यावी. वाहत्या पाण्याला मधेच अडवण्याची गरज नव्हती. दाब फारसा नसल्यामुळे ते अडवून धरण्याची अडचणही नव्हती.

प्राचीन रोममध्येही सार्वजनिक कारंज्यांतून पाणी रात्रंदिवस वाहत असे. इ. स. ९७ मध्ये रोमच्या पाणीपुरवठ्याचा प्रमुख म्हणून नेमलेल्या फ्रॉन्टिनसने या सगळ्या व्यवस्थेवर एक ग्रंथ लिहिला. कुणाला किती पाणी द्यायचे, ते ठरावीक मापाची कांस्याची नळी बसवून मोजले जाई. ज्या घरांत शिशाचे नळ गेले होते, तिथे मात्र पाणी बंद करण्यासाठी कांस्याच्या तोट्या असत. इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात अशा तोट्या सापडल्या आहेत.

या रोमन तोटीची रचना अगदी सोपी होती. निमुळत्या आकाराची एक खुंटी, तिला आरपार भोक. खुंटी तशाच निमुळत्या खोबणीत घट्ट बसवलेली. भोक नळाच्या दिशेत आले की पाणी सुरू. खुंटी पाव फेरा फिरवली की बंद. हिच्यात चकती नाही, आटे नाहीत. धातूवर धातू घासत राहतो आणि काही वर्षांनी फटीतून पाणी झिरपू लागते. ही तोटी जवळजवळ अठराशे वर्षे फारशी बदलली नाही. दाब कमी होता, म्हणून ती चालून गेली.

चोवीस तास पाणी आणि नवी अडचण

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या शहरांत पाणी कसे येत होते, हे वाचले तर वऱ्हाडातल्या वाचकाला ओळखीचे वाटेल. लंडनमध्ये खासगी कंपन्या ठरावीक दिवशी, ठरावीक तास पाणी सोडत. लोक ते टाक्यांत आणि पिंपांत साठवून ठेवत. उरलेला वेळ नळ कोरडे असत. लंडनचे हे 'वेळेचे पाणी' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हळूहळू संपले.

याला पहिला मोठा छेद दिला तो नॉटिंगहॅम शहरात. थॉमस हॉक्स्ली या तरुण अभियंत्याने १८३१ मध्ये तिथे अशी योजना उभी केली, की नळात रात्रंदिवस दाबाखाली पाणी राहील. त्यामागचा विचार सरळ होता. नळाला बारीक भेगा असणारच. आत दाब असेल तर त्या भेगांतून स्वच्छ पाणी बाहेर जाईल. आत दाब नसेल, नळ रिकामा असेल, तर बाहेरचे घाण पाणी आत शिरेल. म्हणजे सततचा दाब हाच नळाचा पहारेकरी.

पण दाब सतत राहू लागला, तशा दोन नव्या अडचणी आल्या. पहिली म्हणजे गळती. दिवसातून दोन तास पाणी येत असेल तर गळकी तोटी दोन तासच गळते. चोवीस तास पाणी असेल तर ती चोवीस तास गळते. दुसरी अडचण जास्त गंभीर होती. पाव फेऱ्यात बंद होणारी तोटी पाण्याला एकदम थांबवते. नळातून धावणारा पाण्याचा लांबच लांब स्तंभ क्षणात थबकला, की त्याचा धक्का नळाच्या भिंतींना बसतो. 'धाड्' असा आवाज होतो, सांधे निखळतात, कधी नळ फुटतो. याला जलाघात म्हणतात.

हा धक्का किती मोठा असतो? रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या नळांवर १८९७-९८ च्या सुमारास प्रयोग करून त्याचे सूत्र मांडले. पाण्याची घनता, नळातल्या पाण्यातून दाबाची लाट ज्या वेगाने जाते तो वेग आणि पाण्याचा थांबवलेला वेग, या तिघांचा गुणाकार म्हणजे वाढलेला दाब. लोखंडी नळात लाटेचा वेग सेकंदाला सुमारे १२०० मीटर धरू. पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असेल आणि एकदम थांबवले, तर दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२ किलोग्रॅमने वाढतो. म्हणजे १२० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका! घराच्या गच्चीवरची टाकी नळापेक्षा जेमतेम ३-४ मीटर उंच असते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

'एकदम' म्हणजे किती वेळात? दाबाची लाट नळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत येण्याआधी. नळ ६०० मीटर लांब असेल तर लाटेला जाऊन यायला १ सेकंद लागतो. म्हणून लांब नळावर सेकंदाच्या आत बंद केलेली तोटी धोक्याची. तीच तोटी हळूहळू, चार-पाच सेकंदांत बंद केली तर धक्का पुष्कळ कमी.

आटे, चकती आणि बैठक

यावर उपाय निघाला तो रॉदरहॅम इथल्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळकाम करणाऱ्या कारखान्यातून. त्यांनी १८४५ मध्ये आट्यांच्या तोटीचे पेटंट घेतले. आज आपल्याकडे जो साधा फिरवायचा नळ आहे, त्याचा हा मूळपुरुष. त्याच्या आत पाणी येण्याच्या वाटेवर एक गोल कडा असते. तिला बैठक म्हणतात. वर आटे पाडलेला दांडा आणि दांड्याच्या खालच्या टोकाला मऊ चकती. मूठ फिरवली की दांडा आट्यांवरून खाली उतरतो आणि चकती बैठकीवर दाबली जाते. त्याला काही फेरे लागतात, म्हणून पाणी सावकाश थांबते आणि जलाघात टळतो. चकती मऊ असल्यामुळे बैठकीवरचे बारीकसारीक उंचसखल भाग ती भरून काढते आणि गळती थांबते. एकाच युक्तीने दोन्ही अडचणींवर उपाय झाला.

सुरुवातीच्या चकत्या चामड्याच्या असत. त्याच सुमारास रबराचे नशीब पालटत होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होते आणि थंडीत कडक, त्यामुळे ते फारसे उपयोगी नव्हते. ते गंधकाबरोबर तापवले तर टिकाऊ आणि लवचीक होते, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये आढळले. इंग्लंडमध्ये थॉमस हँकॉक यांनी १८४३ मध्ये अशा प्रक्रियेचा हक्क नोंदवला. गुडइयर यांना अमेरिकेत तो १८४४ मध्ये मिळाला. पुढे नळाच्या चकतीत चामड्याची जागा रबराने घेतली.

आणखी एक गोष्ट याच दशकातली. पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या मनाप्रमाणे आटे पाडत असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सगळ्यांनी एकाच मापाचे, ५५ अंश कोनाचे आटे वापरावेत असे सुचवले. पाईपचे ब्रिटिश प्रमाण आटे त्यावरच बेतले गेले आणि तेच भारतात आले. म्हणून अकोल्याच्या दुकानातून आज आणलेली अर्धा इंची चावी पन्नास वर्षांपूर्वी भिंतीत पुरलेल्या पाईपवर नीट बसते. गंमत अशी, की या 'अर्धा इंची' आट्यांचा बाहेरचा व्यास मोजला तर तो जवळजवळ २१ मिलिमीटर भरतो. अर्धा इंच हे माप मुळात जुन्या लोखंडी पाईपच्या आतल्या पोकळीचे होते. पाईप बदलले, पोकळी बदलली. नाव मात्र टिकले.

नळ वऱ्हाडात आला

मुंबईला विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने मिळू लागले. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. अमरावतीला बडनेऱ्याहून फाटा गेला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, व्यापारी आले, वस्ती वाढली. विहिरी आणि नाले वाढत्या वस्तीला पुरेनासे झाले, आणि उन्हाळ्यात तर हाल होऊ लागले.

अमरावतीसाठी गावाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांलगत वडाळी तलाव आणि छत्री तलाव बांधले गेले. अकोल्याला मोर्णा नदीच्या जोडीला कापशी तलावाचा आधार मिळाला. बिडाचे जड पाईप बैलगाडीने लांबून आणणे अवघड. रेल्वेने ते काम सोपे केले. कापूस बाहेर नेणाऱ्या रुळांवरूनच नळ आत आला, असे म्हणायला हरकत नाही.

त्या काळातला नळ घराघरांत नव्हता. चौकात एक खांब, त्याला एक-दोन तोट्या, समोर घागरी आणि गुंडांची रांग. वायसर झिजायला जी कारणे लागतात, त्यांत 'दिवसातून किती वेळा फिरवला' हे मोठे कारण आहे. शेकडो हातांनी फिरवल्या जाणाऱ्या चौकातल्या तोटीचा वायसर घरातल्या तोटीच्या मानाने कितीतरी लवकर जाणार, हे उघड आहे.

तोटी कुणी फिरवायची?

पण शेकडो हात म्हणजे सगळ्यांचे हात नव्हेत. तोटीच्या इतिहासातला हा भाग शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा.

विहिरीवर दोर आणि बादली पाण्याला शिवते, म्हणून काही जातींच्या माणसांना विहिरीवर चढू देत नसत. नळ आला तेव्हा पाणी बंद पाईपमधून येऊ लागले. त्याला कुणाचाच हात लागत नाही. मग तरी मनाई संपायला हवी होती. ती संपली नाही. ती पाण्यावरून पितळेच्या मुठीवर सरकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत आपल्या शाळेतल्या दिवसांबद्दल लिहिले आहे. शाळेत नळ होता, पण त्यांना तो स्वतः उघडण्याची मुभा नव्हती. तहान लागली तर शाळेच्या शिपायाने येऊन तोटी फिरवायची. शिपाई नसला, की नळासमोर उभे राहूनही तहान तशीच. तोटी म्हणजे एक साधी यंत्ररचना. ती कोण फिरवतो हे तिला कळत नाही. ते माणसांनी ठरवलेले असते.

ही व्यवस्था मोडायलाही माणसेच पुढे आली. पुण्यात जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद सर्वांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ मधला. त्याच वर्षी अमरावतीत अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचा लढा उभा राहिला. पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख पुढच्या वर्षी अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुल्या केल्या. विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट वापरताना कुणाशीही भेदभाव करता येणार नाही, असे १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या १५ व्या कलमात लिहिलेले आहे. ज्या शाळेत आज कुणीही मूल जाऊन नळ उघडते, त्या शाळेत ही साधी वाटणारी कृती किती उशिरा आणि किती कष्टाने आली, हे मुलांना ठाऊक असावे.

खारपाणपट्टा आणि चामड्याचा वायसर

वऱ्हाडच्या मधोमध पूर्णा नदी पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते. तिच्या गाळाच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतला मोठा पट्टा खाऱ्या भूजलाचा आहे. दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूर, बाळापूर, शेगाव या भागांतल्या अनेक गावांत विहीर खणली तर पाणी लागते, पण ते पिता येत नाही. म्हणून या गावांना सातपुड्याच्या पायथ्याच्या धरणांचे पाणी लांबून नळाने द्यावे लागते. शहानूर धरण, वान धरण आणि वानवर आधारलेली अकोट-तेल्हारा भागातली '८४ खेडी' योजना ही त्याची उदाहरणे. इतरत्र नळ ही सोय असेल. इथे तो एकच आधार आहे.

पट्ट्याबाहेर, काळ्या पाषाणाच्या प्रदेशात, १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरवेल आणि हातपंप आले. हातपंपाची गोष्टही वायसरचीच गोष्ट आहे. सुरुवातीचे बिडाचे पंप घरगुती वापरासाठी घडवलेले होते; अख्ख्या गावाच्या वापरापुढे ते टिकेनात. महाराष्ट्रातच, आधी जालन्याला आणि मग सोलापूरला, स्वयंसेवी संस्थांनी मजबूत पंप घडवले. सोलापूर पंपावरूनच सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क २' हा पंप तयार झाला आणि देशभर पसरला. त्याच्या नळकांड्यात वरखाली होणाऱ्या दट्ट्याला चामड्याचे वाटीसारखे वायसर असत. पुढे त्यांच्या जागी नायट्राइल या कृत्रिम रबराचे वायसर आले. घरातल्या नळात चामड्याकडून रबराकडे झालेला प्रवास हातपंपात असा शंभरेक वर्षांनी पुन्हा घडला.

एक जुनी चावी उघडून पाहताना

आता घरातल्या शॉवरकडे वळू. अमरावतीतल्या एका जुन्या घरातली अर्धा इंची शॉवरची चावी आम्ही उघडली. तिच्यात काय दिसले, ते क्रमाने सांगतो.

प्रथम टाकीखालची मुख्य चावी बंद केली आणि खालचा नळ उघडून पाईपमधले पाणी काढून टाकले. मुठीचा स्क्रू काढून मूठ आणि भिंतीवरची झाकणी सोडवली. मग पान्ह्याने वरचा षटकोनी भाग डावीकडे फिरवून संपूर्ण दांडा बाहेर काढला. दांड्याभोवती पांढरा कठीण थर बसला होता. लिंबाचा रस टाकताच त्यावर फेस आला. म्हणजे तो कॅल्शियम कार्बोनेट. जड पाणी सुकते तेव्हा क्षार मागे राहतात, आणि गळणारी चावी तर सतत ओलीसुकी होत असते.

वायसरवर बैठकीच्या आकाराची खोल गोल खाच पडली होती. रबर कडक झाले होते. दोष इथे संपला असता तर नवा वायसर पुरला असता. पण बैठकीच्या कडेवरून बोट फिरवल्यावर एका जागी बारीक घळ लागली. वायसर नीट दाबला जात नसेल तर फटीतून पाण्याची बारीक, वेगवान धार जाते. तिच्याबरोबर रेतीचे कण असतात. ही धार वर्षानुवर्षे पितळ कोरत राहते. अशा बैठकीवर कितीही नवे वायसर बसवले तरी गळती थांबत नाही. एकतर हत्याराने बैठक घासून सपाट करावी लागते, किंवा चावीच बदलावी लागते.

पितळही एका जागी तांबूस आणि ठिसूळ झाले होते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. क्लोराइड जास्त असलेले पाणी त्यातले जस्त हळूहळू विरघळवून नेते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. आकार तसाच राहतो, बळ जाते. अशा चावीला पान्हा लावताना ती भिंतीतच तुटण्याची भीती असते. म्हणून आम्ही चावी बदलण्याचाच निर्णय घेतला. फरशीचा एक तुकडा काढावा लागला. आट्यांना टेफ्लॉनची टेप गुंडाळून नवी चावी बसवली. जुन्या सांध्यात मिस्त्रीने सूत आणि सफेदा भरला होता. सफेद्यात पूर्वी शिसे असे, त्यामुळे तो खरवडताना धूळ नाकातोंडात जाऊ न देणे बरे.

आता आवळण्याचे गणित. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम. गच्चीवरची टाकी चावीपेक्षा ४ मीटर उंच असेल तर ०.४ किलोग्रॅम. बैठकीच्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे १ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी वायसरला फक्त ४०० ग्रॅम जोराने वर ढकलते. अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी. उलट बाजूला आट्यांची ताकद पाहा. मुठीची त्रिज्या ३ सेंटिमीटर असेल तर हात एका फेऱ्यात सुमारे १९ सेंटिमीटर फिरतो आणि दांडा सुमारे २ मिलिमीटर खाली सरकतो. म्हणजे जोर ९० पटींहून अधिक वाढायला हवा. घर्षणात त्यातला बराच भाग गेला, तरी हाताच्या १ किलोग्रॅम जोराचे वायसरवर दहा-वीस किलोग्रॅम सहज होतात. ४०० ग्रॅम अडवायला एवढे कशाला? नळ बंद झाल्यावरही आवळत राहणे म्हणजे वायसर कापणे. गळणारा नळ आणखी आवळून आपण दोष वाढवत असतो, तो असा.

नव्या चाव्यांत बऱ्याचदा वायसर नसतोच. दोन गुळगुळीत सिरॅमिक चकत्या एकमेकींवर सरकतात. १९७० च्या दशकापासून हा प्रकार रूढ होत गेला. त्या फार टिकतात, पण पाव फेऱ्यात बंद होतात. म्हणजे रोमन तोटीची सवय आणि जलाघाताचा धोका दोन्ही परत आले. घरातल्या आखूड पाईपमध्ये तो धोका कमी असतो, हे खरे.

'नळ आले!'

वऱ्हाडात पाणी आले असे म्हणत नाहीत, 'नळ आले' म्हणतात. या दोन शब्दांत आपल्या पाणीपुरवठ्याची सगळी रीत सामावलेली आहे. नळ येतात आणि जातात.

अकोल्याला १९७० च्या दशकापासून महान इथल्या काटेपूर्णा धरणाचे पाणी मिळते. अमरावतीला १९९० च्या दशकात मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणाचे पाणी मिळू लागले. ही योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण चालवते आणि तिथे नळांना मीटर लावण्याची पद्धत रुळली. तरीही चोवीस तास पाणी ही गोष्ट दोन्ही शहरांत दुर्मीळच. पाऊस कमी झालेल्या वर्षी अकोल्यात चार-पाच दिवसांआड नळ आल्याचे दिवस अनेकांच्या आठवणीत आहेत.

आट्यांची तोटी जन्मली ती सतत दाबाखाली असणाऱ्या नळासाठी. आपण ती येणाऱ्या-जाणाऱ्या नळाला लावली. याचे परिणाम काय? नळ जातात तेव्हा पाईप रिकामा होतो, हवा भरते, गंज सुटतो आणि फटींतून माती आत येते. नळ येतात तेव्हा हे सगळे पहिल्या झोतात तोटीतून जाते. बैठक कोरणारे कण हेच. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली, तर पाईपमधला दाब वातावरणाच्या दाबाहून कमी होतो आणि शेजारच्या नालीतले पाणी आत ओढले जाते. हॉक्स्लीने १८३१ मध्ये ओळखलेला धोका हाच.

सवयीही बदलतात. नळ कधी येतील ते नक्की नसले, की लोक तोटी उघडीच ठेवतात. आवाज झाला की उठायचे. काही घरी तर तोटीच काढून टाकलेली असते. रात्री नळ येतात, टाके भरते आणि पाणी रस्त्यावर वाहते. वायसर बदलायचा कशासाठी, असेही मग वाटू लागते. गळती ही केवळ आळसाची खूण नाही. पाणी कसे मिळते, यावर माणूस तोटी कशी वापरतो हे ठरते. ज्याला खात्री असते तो नळ बंद करतो. ज्याला खात्री नसते तो उघडा ठेवतो. मुलांना 'पाणी वाचवा' असे नुसते सांगण्यापेक्षा ही साखळी दाखवून दिली, तर ती अधिक विचार करतील.

वर्गात करून पाहा

१. गळणाऱ्या नळाखाली मोजपात्र ठेवा आणि १०० थेंबांचे पाणी मोजा. एका थेंबाचे आकारमान काढा. बारीक तोंडाच्या ड्रॉपरचा थेंब सुमारे ०.०५ मिलिलिटर भरतो, नळाच्या रुंद तोंडाचा थेंब त्याच्या काही पट मोठा असू शकतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. पहिल्या मापाने ४.३ लिटर, ०.२५ मिलिलिटरचा थेंब असेल तर २१.६ लिटर. ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हे जल जीवन मिशनचे प्रमाण आहे. तुमच्या शाळेतला एक नळ त्यातला किती भाग वाया घालवतो?

२. जुना, टाकून दिलेला नळ मिस्त्रीकडून मागून आणा आणि मुलांना उघडू द्या. मूठ, आटे, दांडा, वायसर, बैठक ओळखायला सांगा. मूठ एक फेरा फिरवल्यावर दांडा किती सरकतो ते पट्टीने मोजा आणि जोर किती पट वाढतो ते काढा.

३. नळावरचा पांढरा थर खरवडून त्यावर लिंबाचा रस टाका. गावातली विहीर, बोअर आणि नळाचे पाणी वेगवेगळ्या बशांत उन्हात सुकवा. कोणत्या बशीत क्षार जास्त उरले?

४. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: गावात पहिला नळ कधी आला, कुठे होता, तिथे पाणी भरायला कोण जाऊ शकत होते आणि कोण नाही? उत्तरे वहीत लिहून वर्गात वाचा.

चौथ्या प्रश्नाची उत्तरे मिळवायला घाई करावी लागेल. चौकातल्या नळावर रांगेत उभी राहिलेली पिढी आता थकत चालली आहे, आणि वऱ्हाडातल्या बहुतेक गावांच्या नळाचा इतिहास अजून कुठे लिहिलेला नाही. तो या पिढीच्या आठवणीतच आहे.